डावरा हात

"हा हात बघा," जालिंदर मुकादम म्हणाला आणि दोरीवर लटकणाऱ्या कागदावर त्यानं बोट टेकवलं. "ह्यो. कुठला हाय?"

कागद अजून पुरता वाळला नव्हता. मुकादमाच्या बोटाला काळी शाई लागली, ती त्यानं पँटला पुसली. माणसं पुढं सरकली.

अमावास्या होती. बोरटेकची खाण अमावास्येला बंद असायची. क्रशर थांबलेला, त्यामुळे धूळ खाली बसलेली आणि माणसांचे मूळचे रंग दिसत होते. बायकांनी केस धुतले होते. शाळा म्हणून मला दिलेल्या पत्र्याच्या शेडसमोर मी दोन बांबूंना दोरी बांधून मुलांची एकोणीस चित्रं कपड्यांसारखी चिमट्यांनी टांगली होती. मुंबईहून येऊन मला सात महिने झाले होते. दगड फोडणाऱ्यांच्या मुलांबरोबर चित्रकलेचं काम करण्यासाठी एका संस्थेनं मला वर्षभरासाठी पाठवलं होतं. मी एकतीस वर्षांची होते, दोन प्रदर्शनं झाली होती, वर्तमानपत्रात नाव आलं होतं. मुलं मला 'बाई' म्हणत आणि मोठी माणसंही मुलांचं ऐकून 'बाई'च म्हणत.

ते चित्र कौशीचं होतं. कौशी दहा वर्षांची. तिचा बाप हणमंता खाणीच्या तळाशी डोकं फुटून पडलेला सापडला, त्याला त्या दिवशी एकोणीस दिवस झाले होते. वस्तीच्या अगदी खाली सुरुंग लावू देणार नाही, म्हणून हणमंता मालकाच्या आड आला होता. पोलिसांनी पाय घसरून पडल्याचं लिहून घेतलं. कौशी त्या दुपारी बापाची भाकरी घेऊन गेली होती. परत आली ती भाकरी तशीच हातात घेऊन, आणि तेव्हापासून ती एक शब्द बोलली नव्हती. आई सरूबाई तिला माझ्याकडे आणून सोडायची. "तुमच्यापाशी बसती तरी," म्हणायची.

मुलांना मी लिनोचे तुकडे दिले होते, रबरासारखे मऊ, त्यावर बारीक पटाशीनं कोरायचं. कौशीनं तीन दिवस मान वर केली नाही. मीही विचारलं नाही. अमावास्येच्या आदल्या संध्याकाळी मुलं घरी गेल्यावर मी सगळ्या तुकड्यांना शाई लावली, वर कागद ठेवून वाटीच्या बुडानं घासलं आणि एकेक छाप सोलून काढला. कौशीचा कागद मी दाराच्या उजेडात नेला.

काळ्या दगडांत एक माणूस आडवा. त्याच्यावर दुसरा उभा, समोरून दिसणारा. तोंडाला टॉवेल गुंडाळलेला, खाणीत धुळीसाठी सगळेच गुंडाळतात तसा. एक हात खाली लोंबता, दुसरा डोक्याच्या वर, त्यात हातोडा. मागे क्रशरचा लांब पट्टा. सात महिन्यांत मी मुलांकडून काढून घेतलेलं सगळ्यात चांगलं चित्र. होय, मला पहिल्यांदा तेच वाटलं.

"आरं, बघा की नीट," मुकादम म्हणाला. तो चित्राच्या शेजारी लोकांकडं तोंड करून उभा राहिला आणि चित्रातल्या माणसासारखा त्यानं हात वर केला. ज्या बाजूचा चित्रात, त्याच बाजूचा. "आता सांगा. माझा कुठला हात वर हाय?"

"डावा," कुणीतरी म्हणालं.

"डावा!" मुकादम म्हणाला. "डाव्या हातानं हातोडा मारनारा हितं कोन हाय?"

सांगायची गरज नव्हती. बोरटेकवर डावखुरा एकच होता. त्याला सगळे डावऱ्या म्हणत, त्याची बायको भिवरासुद्धा. हणमंता गेला त्याच्या चार दिवस आधी पाण्याच्या टँकरपाशी दोघांची मारामारी झाली होती आणि डावऱ्या सगळ्यांदेखत ओरडला होता, "तुजं डोस्कं फोडीन एक दिस!"

हणमंताचा धाकटा भाऊ शिदू चित्राच्या अगदी जवळ आला. त्याचे ओठ हलत होते. सरूबाईनं पदर तोंडात धरला. कौशी तिच्या पायाशी बसली होती, मान खाली, नजर जमिनीला. मला वाटलं, भ्याली आहे.

तिथला सगळ्यात म्हातारा माणूस नामू आजा. चाळीस वर्षं खडी फोडून त्याचे डोळे पाणावलेले असायचे. तो गर्दीतून काठी टेकत माझ्याकडं आला.

"बाई, पोरीनं मनचं काढलं आसंल का वो? ल्हान हाय ती."

सगळे माझ्याकडं वळले. मुकादमसुद्धा.

"नाही, आजोबा," मी म्हणाले. "मुलं खोटं काढत नाहीत."

"मग ह्ये खरं म्हनायचं?"

"खरं."

शिदूनं एवढंच ऐकलं. तो वळला आणि पळत सुटला, त्याच्यामागं आठ-दहा जण. वाटेत एकानं कुदळीचा दांडा उचलला, एकानं पहार. मुकादम पळाला नाही. तो त्यांच्यामागं चालत गेला.

मी थांबवलं का नाही, असं पुढं मला पुष्कळांनी विचारलं. थांबवायचं माझ्या मनातच आलं नाही, हे खरं उत्तर आहे. एका न बोलणाऱ्या मुलीनं चित्रातून साक्ष दिली आणि ते माझ्या वर्गात घडलं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

डावऱ्या नळापाशी दाढी करत बसला होता. अर्ध्या गालावर साबण. त्याला काही कळायच्या आत शिदूनं त्याच्या पेकाटात लाथ घातली. तो पालथा पडला, आरसा फुटला. ते मला शेडपासून दिसत होतं, मधे तीस-चाळीस पावलं असतील.

"काय केलं रं म्यां? आरं काय केलं?"

"हणम्याला मारलंस! पोरीनं बघितलंय तुला!"

"कोन पोरगी? आरं सोड, शिदू, आईची आन..."

दांडा त्याच्या पाठीवर बसला. तो आवाज ओलं पोतं आपटल्यासारखा होता. मग दुसरा, तिसरा. बायका ओरडत होत्या, काही "मारा" म्हणून, काही "सोडा" म्हणून. डावऱ्या गुडघ्यांवर उठायला बघायचा आणि पुन्हा खाली जायचा. साबणाच्या फेसातून रक्त यायला लागलं होतं.

"बाई."

माझ्या ओढणीला खालून कुणीतरी ओढत होतं. गोमी होती, वर्गातली सगळ्यात बडबडी, आठ वर्षांची. तिकडं काय चाललंय ते तिला दिसत होतं, पण वस्तीवरच्या मुलांना मारामाऱ्यांची सवय असते. ती तिच्या कागदाकडं बोट दाखवत होती. तिनं बकरी कोरली होती आणि खाली मोठ्या अक्षरांत स्वतःचं नाव.

"बाई, माजं नाव उलटं का आलंय? म्यां तर सुलटं काढलं हुतं."

मी तिच्या नावाकडं बघितलं.

लिनोवर कोरलेलं कागदावर उलटं उमटतं. डावं उजवीकडं जातं, उजवं डावीकडं. कलाशाळेच्या पहिल्या आठवड्यात हे शिकवतात. मी मुलांना मुद्दाम सांगितलं नव्हतं. नावं उलटी आलेली बघून मुलं हसतील, का म्हणून विचारतील, मग आपण सांगू, असं ठरवलं होतं. आधीच सगळं सांगून टाकलं तर शिकण्यातली मजा जाते, असं मी तेव्हा सगळीकडं भाषणांत सांगत असे.

मी शेडमध्ये धावले. एकोणीस तुकड्यांच्या ढिगात कौशीचा शोधायला किती वेळ लागला सांगता येत नाही. सापडला. शाईनं काळा झालेला, पण रेषा दिसत होत्या. हातोडा उजव्या हातात होता.

बाहेर आले तेव्हा भिवरा माझ्यावर येऊन आदळली. तिच्या डोक्यावर पदर नव्हता, तोंडातून लाळ गळत होती.

"तुमी सांगितलं म्हनं! तुमीच सांगितलं! आता तुमीच थांबवा, बाई, मारत्यात त्येला, जीव घेत्यात!"

आम्ही दोघी पळालो. गोमी मागून आली. मी ओरडत होते, पण काय ओरडत होते? "थांबा! मुद्राचित्र उलटं उमटतं! छापात बाजू बदलतात!" लिनोचे तुकडे वाटताना मी मुलांना 'मुद्राचित्र' हाच शब्द शिकवला होता. तेव्हा एक मुलगा म्हणाला होता, 'बाई, ह्यो तर शिक्काच की,' आणि मी त्याला दुरुस्त केलं होतं. शिक्का पोस्टात मारतात, ही कला आहे, म्हणून.

कुणी वळून बघितलं नाही.

आता त्याला मारत नव्हते. दोघं त्याच्या पाठीवर बसले होते. तिसऱ्यानं त्याचा डावा हात मनगटाला धरून एका सपाट दगडावर ओढून ठेवला होता. डावऱ्या ओरडायचा थांबला होता. तो फक्त त्या हाताकडं बघत होता. शिदूच्या हातात घण होता.

"ह्योच हात न्हवं?" शिदू म्हणाला. "ह्योच न्हवं?"

"शिदू, तो नाही! छाप उलटा..."

"बाई, बाजूला व्हा!"

"उलटा आहे तो, शिदू, ऐक..."

घण खाली आला.

त्या आवाजाचं मी वर्णन करणार नाही. डावऱ्याच्या तोंडातून आवाज निघाला तो त्यानंतर, बऱ्याच वेळानं निघाल्यासारखा. शिदूनं घण पुन्हा उचलला. या वेळी त्याची नजर डोक्यावर होती, ते मला दिसलं, सगळ्यांना दिसलं. भिवरानं नवऱ्यावर अंग टाकलं.

"शिक्का!" गोमी किंचाळली. ती दोन माणसांच्या पायांमधून आत घुसली होती. "काका, शिक्का हाय त्यो! शिक्क्यावानी! पावतीवरच्या शिक्क्यावर आक्षरं उलटी असत्यात की! कागदावर फिरत्यात! हात बी फिरलाय!"

शिदूचा हात वरच राहिला.

क्रशरवरून निघणाऱ्या प्रत्येक गाडीच्या पावतीवर मुकादम रबरी शिक्का मारायचा. वस्तीतल्या प्रत्येकानं तो हातात घेऊन बघितला होता. वाचता न येणाऱ्यालाही ठाऊक होतं की त्यावरचं देवाचं चित्र उलटं असतं.

"काय म्हनती ही?" नामू आजा म्हणाला.

मी लिनोचा तुकडा पुढं केला. त्यानं तो माझ्याकडून काढून घेतला. डोळ्यांजवळ नेला, बोट फिरवलं, मग शेजारच्याला दाखवला.

"उजवा हाय," तो म्हणाला. "शिदू, ठेव खाली. पोरीनं उजवाच काढलाय."

घण शिदूच्या हातून सुटला. तो डावऱ्याच्या शेजारी मटकन बसला आणि त्याच्या हाताकडं, म्हणजे जे उरलं होतं त्याच्याकडं, बघायला लागला. भिवरा पदर फाडत होती. मी ओढणी काढून दिली, मनगटाच्या वर घट्ट बांधायला सांगितलं. पांढरी ओढणी होती. बांधून होईपर्यंत रंग बदलला.

तुकडा हातोहात फिरत होता. उजवा म्हणजे कुणीही. माणसं एकमेकांच्या हातांकडं चोरून बघत होती. तुकडा सरूबाईपर्यंत आला. तिनं हाताकडं बघितलंच नाही. तिचं बोट तुकड्याच्या खालच्या कडेला थांबलं.

"हे काय हाय?" ती म्हणाली. "ह्याच्या पायात काय हाय?"

मी तिथं गेले. चित्रातल्या माणसाच्या पायात बूट होते. नाड्यांसकट. कौशीनं नाड्यांची गाठसुद्धा कोरली होती, तीन दिवसांतला निम्मा वेळ तिनं त्या गाठीवर घालवला असणार. आदल्या संध्याकाळी ते बूट मी पाहिले होते आणि बारकावा चांगला आलाय असं मनाशी म्हणाले होते. दोरीसमोर उभ्या असलेल्या चाळीस माणसांनीही ते पाहिले असतील. पण मुकादमानं हात वर केला आणि सगळ्यांनी हातच बघितला.

बोरटेकवर माणसं अनवाणी असत, नाहीतर टायरच्या चपला. बूट घालणारे दोघंच. महिन्यातून एकदा येणारा मालक आणि मुकादम.

कौशी आईच्या मागं येऊन उभी राहिली होती. तिची नजर मघासारखीच खाली होती. ती नजर कुठं आहे ते आता मी बघितलं. जालिंदर मुकादमाच्या पायांवर.

"येडी हायेस काय, सरू?" जालिंदर म्हणाला. "चित्रावरनं कुनाला धरत्यात व्हय? पोरगी मुकी, आन् ही मुंबैची बाई..."

"मघाशी तर तूच धरत हुतास," नामू आजा म्हणाला.

जालिंदर मागं सरकला. मागं माणसं होती. कुणाचा तरी धक्का बसला, तो अडखळला आणि पहिला दांडा त्याच्या कानावर बसला. तो खाली पडला, एक बूट पायातून निघाला. त्यानं हात डोक्यावर घेतले.

"थांबा!" ही सरूबाई होती. तिच्या आवाजानं सगळे थांबले. ती माझ्याकडं वळली. "बाई, तुमी सांगा. पोरं खोटं काढत न्हाईत. तुमी मघा म्हनलात. म्हना आता."

मला आजही तो चेहरा दिसतो. ती मला अडवत नव्हती, विनवतही नव्हती. माझ्याकडं जे होतं ते मागत होती, एवढंच. माझा एक शब्द पुरला असता. दोन पावलांवर डावऱ्या पडला होता, त्याचं रक्त नळाच्या पाण्यात मिसळून आमच्या पायांपर्यंत आलं होतं. आणि माझ्या मनात जालिंदरबद्दल शंका नव्हती. तेव्हा नव्हती, आजही नाही.

"मला माहीत नाही," मी म्हणाले.

"बाई."

"मला माहीत नाही, सरूबाई. मघाशीही माहीत नव्हतं."

मी जालिंदरच्या आणि त्यांच्या मधे जाऊन उभी राहिले. एक दगड माझ्या खांद्याला लागला, दुसरा भुवईवर. कुणी मारले ते मी बघितलं नाही. डोळ्यात रक्त उतरलं. मागं जालिंदर ओकत होता. नामू आजा माझ्या शेजारी येऊन काठी टेकून उभा राहिला, आणि म्हाताऱ्याला दगड लागेल म्हणून लोकांचे हात खाली आले. पोलीस यायला दोन तास लागले.

जालिंदर सुटला. बोलू न शकणाऱ्या मुलीचं चित्र कोर्टात टिकलं नाही, आणि दुसरा पुरावा नव्हता. तो पलीकडच्या तालुक्यात दुसऱ्या खाणीवर गेला. सरूबाईनं वर्षभर कौशीला माझ्याकडं पाठवलं नाही. "त्या दिवशी तुमी म्हनला असता तर?" असं तिनं मला दोनदा विचारलं.

सरकारी दवाखान्यात डावऱ्याचा हात मनगटापासून काढावा लागला. मी तिसऱ्या दिवशी गेले. खाटेला लावलेल्या कागदावर नाव होतं, मारुती धोंडी. त्याचं नाव मारुती आहे, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

मी काय बोलणार होते ते वाटेत दहा वेळा घोकलं होतं.

"बसा," तो म्हणाला. मी स्टुलावर बसले. भिवरा बाहेर निघून गेली.

"शिदू आल्ता," तो म्हणाला. "पाया पडला. म्यां म्हनलं, तुज्या जागी मी आसतो तर मी बी मारलं आसतं." त्यानं उशीवरची मान माझ्याकडं वळवली. "पर बाई, मुकादम बोंबलला तवा कुनी हाललं न्हाई म्हनं. तुमी खरं म्हनलात, तवा हालली समदी."

"हो," मी म्हणाले.

"भिवरीनं सांगितलं मला. म्हनलं, तुमास्नी इचारावं. खरं हाय न्हवं?"

"खरं आहे."

त्यानं मान हलवली. मी तासभर बसून उठले.

संस्थेचं वर्ष संपलं. मुंबईच्या एका कलादालनाला ती एकोणीस चित्रं हवी होती, कौशीचं तर फारच. मी ती मुलांना परत देऊन टाकली. कौशीचं सरूबाईकडं आहे. मी बोरटेक सोडलं नाही. आता एकतीस वर्षं झाली. पुरस्कार देताना लोक म्हणतात, यांनी आपली कला सोडून मुलांसाठी आयुष्य वाहिलं. मुलाखतीत मी मुलांबद्दल बोलते. तेही खरंच आहे, पण मी राहिले ती आधी एका मोठ्या माणसासाठी.

दवाखान्यातून आल्यावर चारेक महिन्यांनी तो एका दुपारी शेडच्या दारात येऊन उभा राहिला. डावी बाही मनगटापाशी गाठ मारलेली. मुलं हातातलं काम सोडून बघू लागली.

"ह्या हातानं कायबी येत न्हाई मला," त्यानं उजवा हात पुढं केला. "घास बी सांडतो. छिन्नी धरायची तर दूरच. ह्या पोरास्नी शिकवता तसं शिकवा."

"बसा, मारुतीभाऊ," मी म्हणाले. गोमीनं सरकून जागा दिली.

मी त्याला कोळशाचा तुकडा दिला, समोर कागद ठेवला आणि मुलांना सांगते तसं सांगितलं की आधी नुसती रेघ ओढा, कशीही. त्यानं कोळसा मुठीत धरला. रेघ थरथरली, मधेच तुटली, कागद फाटला. त्यानं दुसरा कागद घेतला. तोही फाटला. तिसऱ्याला त्याच्या कपाळावर घाम आला.

मी कधी कुठल्या मुलाचा हात धरून रेघ ओढलेली नाही. तसं केलं की ती रेघ त्याची राहत नाही. माझे हात मी मांडीवर ठेवून बसले होते.

"ठावं हाय मला, पोरांचा हात तुमी धरत न्हाई," तो कागदाकडं बघत म्हणाला. "माजा धरा."

मी उठून त्याच्या मागं गेले, गुडघ्यांवर बसले आणि त्याचा उजवा हात माझ्या हातात घेतला. तो जड होता आणि अजिबात ऐकत नव्हता.

"सावकाश," मी म्हणाले.

"तुमी बी," तो म्हणाला.